पाचवा पाट

पाट पाचच मांडायचे होते आणि विनीताने ते सकाळीच पुसून ठेवले होते. वाद झाला तो पाचव्यावर कुणी बसायचं यावरून. तोही नीरजाच्या डोहाळजेवणाच्या दिवशी, पाहुण्यांच्या गाड्या सिडनीतल्या गिरावीनच्या त्या अरुंद रस्त्यावर लागायला सुरुवात झाली असताना, स्वयंपाकघराचं दार लोटून घेऊन झाला.

"विनीताताई, राग मानू नका," चित्रलेखाताई म्हणाल्या. राग यावा असं काही बोलायचं असलं की विहीणबाई अशीच सुरुवात करत, हे त्या पुण्याहून आल्यापासून विनीताला पुरतं कळून चुकलं होतं. "पण मैथिलीने आज नीरजाची ओटी भरू नये असं मला वाटतं."

विनीता नारळांना हळदकुंकू लावत होती. "ती सख्खी नणंद आहे नीरजाची."

"मी कुठे नाही म्हणते? पोरगी गुणाचीच आहे. पण डिव्होर्स झालाय ना तिचा. सवाष्ण म्हणजे सवाष्ण." चित्रलेखाताईंचा आवाज एकदम खाली आला. "नीरजाचं दोन वेळा झालंय, ताई. दोन्ही वेळा मी तिकडे नुसती फोन धरून बसले होते. या खेपेला सातवा लागला तेव्हा कुठे मला झोप लागली. मला कसली म्हणजे कसलीच रिस्क नकोय."

मंडळाच्या हळदीकुंकवाला सगळ्यांनाच बोलवा, विधवा नको नि घटस्फोटित नको हे काय खूळ आहे, असं माईकवर ठणकावून सांगून विनीताने टाळ्या घेतल्या होत्या. तेच आता इथे सांगायचं होतं, फक्त माईक नव्हता. पण नीरजाचं दुसऱ्यांदा झालं त्या दिवशी बाथरूमची फरशी विनीताने स्वतः पुसली होती. ती फरशी डोळ्यांपुढे आली आणि ती म्हणाली, "बरं."

या घरात असं 'बरं' पूर्वीही एकदा म्हटलं गेलं होतं, मैथिलीने धवलशी लग्न ठरवलं तेव्हा. तेव्हाही विनीताला चूक दिसत होती आणि तेव्हाही ती बोलली नाही.

"नो वरीज, आई."

लाँड्रीच्या खोलीच्या दारात मैथिली उभी होती, दोन्ही हातांत बर्फाच्या पिशव्या. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. "मी पन्ह्याचं बघते. कुणीतरी बघायलाच हवं ना." तिने बर्फ सिंकमध्ये ओतला आणि ओट्यावरचा आपला बिनसाखरेचा चहा उचलून उभ्या उभ्या पिऊन टाकला.

तेवढ्यात विनीताचा मुलगा प्रणव गाडीची किल्ली फिरवत दारातून बाहेर पडला, खुर्च्या आणायला. चित्रलेखाताईंना विषय बदलायला हवाच होता. त्या ओरडल्या, "प्रणव! येताना हिंगही आण हो!"

"मागून हाक नका मारू," विनीता जरा जोरातच म्हणाली. "निघालेल्या माणसाला परत फिरावं लागतं." आणि प्रणव, ज्याचा असल्या कशावर विश्वास नव्हता, खरंच परत येऊन पाच मिनिटं खुर्चीवर बसला, कारण या घरात तसं करायचीच पद्धत होती.

आता दरबाराविषयी. या कुटुंबात ती गोष्ट विनोद म्हणून सांगतात आणि विनीताच्या नवऱ्याने, भास्कररावांनी, ती प्रत्येक पार्टीत सांगितलेली आहे. ते नवीन नवीन इथे आले तेव्हाचा पहिला वसंत. म्हणजे सप्टेंबर. विनीताला हळदीकुंकू करायचं होतं आणि पाच सवाष्णी हव्या होत्या. आज वेंटवर्थव्हिलच्या दुकानात कढीपत्ता निवडताना पाच सवाष्णींचे धक्के लागतात. तेव्हा या अख्ख्या रस्त्यात मराठी बोलणारी दोनच मोठी माणसं होती, ती आणि तिचा नवरा. मग विनीताने तबक घेतलं, बोट धरून चार वर्षांच्या मैथिलीला घेतलं आणि परसातल्या पाच झाडांना हळदकुंकू लावलं. मुळांशी ओट्या भरल्या, खोडांना खणाचे तुकडे बांधले. मधोमधच्या प्रचंड गमट्रीला, म्हणजे इथल्या निलगिरीला, थोरल्या राणीसाहेब म्हटलं, जॅकरँडाला धाकट्या. वॉटल झाली पिवळी मावशी, बॉटलब्रश तांबडी आत्या आणि कुंपणाजवळची साल सोलत उभी असणारी पेपरबार्क, ती पांढरी काकू. मैथिली त्याला दरबार म्हणायची. तिला वाटायचं, आपलेच नातेवाईक आहेत हे, फक्त इथले.

"तुम्ही आता घरच्याच," विनीताने त्यांना सांगितलं होतं. "घरात काही शुभकार्य निघालं की पहिला मान तुमचा."

एकट्या पडलेल्या बाईने बोललेलं ते बोलणं. पुढे वर्षानुवर्षं तिने ते पाळलंही. मग पेंडल हिलपर्यंत मराठी माणसं झाली, मंडळ झालं, खऱ्या बायका यायला लागल्या आणि तबक परसात जायचं थांबलं. प्रणवचं लग्न हॉलमध्ये झालं, झाडांना कोण सांगणार? पुढे मैथिली दोन सुटकेस घेऊन धवलच्या घरून परत आली. तिला तिची जागा असावी म्हणून भास्कररावांनी काउन्सिलची रीतसर परवानगी काढून गमट्री पाडली आणि तिथे ग्रॅनी फ्लॅट, म्हणजे परसातलं छोटं वेगळं घर, बांधला. करवत चालली त्या दिवशी विनीता मुद्दाम भाजी आणायला गेली आणि दुपार कलेपर्यंत परत आलीच नाही.

---

नीरजाला मुकुट टोचत होता.

वेंटवर्थव्हिलहून यायचे मोगऱ्याचे गजरे काल आलेच नव्हते. मग नीरजाची मैत्रीण सुखदा आणि प्रणव यांनी तिन्हीसांजेला परसातलीच फुलं ओरबाडली होती. "दिवेलागणीला झाडाला हात लावू नये रे," असं आई म्हणाल्या खऱ्या, पण शिडीही आईंनीच धरली. आता नीरजाच्या डोक्यावर जॅकरँडाचा जांभळा मुकुट होता, दंडांवर बॉटलब्रशचे लाल बाजूबंद, कमरेला वॉटलचा पिवळा पट्टा, हातात फुलांचं धनुष्य. वॉटलचा बहर खरं तर केव्हाच संपायला हवा होता. झोपाळा जॅकरँडाच्या फांदीला टांगलेला. बायका डोहाळ्याची गाणी म्हणत होत्या, निम्म्या जणी मोबाइलमध्ये बघून.

"अगदी राणी दिसतेस!" शेजारची निहारिका फोटो काढत म्हणाली.

पोटात बाळ दणादण लाथा मारत होतं. गाणं सुरू झालं की मारायचंच. नीरजा दर लाथेला मनातल्या मनात 'आहे' म्हणायची. दोन वेळा हरवून बसलेल्या बाईला त्या एका शब्दापलीकडे दुसरा मंत्र लागत नाही.

चार ओट्या भरून झाल्या. आईंची, मम्मीची, सुखदाची आणि निहारिकाची. पाचवा पाट रिकामा होता. तो ताईचा, मैथिलीचा होता हे नीरजाला माहीत होतं. सकाळी मम्मीने तिला बाजूला घेऊन सगळं सांगितलं होतं आणि तीही गप्प बसली होती. ताईनेच तिला दुसऱ्या वेळी हॉस्पिटलात केस विंचरून दिले होते. तरी ती गप्प बसली. भीती वाटली की माणूस किती पटकन लबाड होतं, याची तिला लाज वाटत होती.

"पाचवी कोण आहे?" सुखदाने विचारलं.

"थांबा, बोलावते कुणालातरी," म्हणत विनीता घाईने आत गेली.

तेव्हा बाजूच्या फाटकातून त्या चौघी आल्या.

कुणी दचकलं नाही. आपल्याकडच्या कार्यात कोण कुणाची हे विचारायची रीत नसते. निहारिकाला वाटलं, काकूंच्या मंडळातल्या. सुखदाला वाटलं, निहारिकाच्या ओळखीच्या. चित्रलेखाताईंना तर सिडनीतलं कुणीच माहीत नव्हतं, त्या सगळ्यांकडे बघून सारख्याच हसत होत्या. एक जण जांभळ्या साडीतली, सगळ्यांत देखणी. एक म्हातारी पिवळ्यातली, जिथे टेकेल तिथे हळदीसारखी भुकटी ठेवणारी. एक तांबड्यातली, कपाळाला आठ्या. आणि एक पांढरीफटक, कोपरापाशी जिची कातडी पातळ कागदासारखी सुटत होती आणि ती सवयीने ती सोलत होती. चौघी अनवाणी. सावली सोडून चौघी उन्हात उभ्या राहिल्या आणि ऊन सरकलं तशा किंचित त्याच्याकडे कलल्या. दर वसंतात डोक्यावर झडप घालणारे मॅगपाय पक्षी कुंपणावर ओळीने बसले होते, आवाज न करता.

"इथे कुणी बसलंय का गं?" जांभळीने पाचव्या पाटाकडे बोट दाखवलं.

ताई, असं नीरजाला म्हणायचं होतं. पण समोर मम्मी होती. "नाही," ती म्हणाली. "बसा ना."

जांभळी बसली. तिने नीरजाला हळदकुंकू लावलं. बोट गार होतं, पहाटेच्या गवतासारखं. मग ओंजळ नीरजाच्या पदरात सोडली. तांदूळ पडल्याचा आवाज आलाच नाही. नीरजाने खाली बघितलं तर पदरात मोहरीसारखं काळं, बारीक बी होतं, आणि नारळाच्या जागी एक लाकडी टणक बोंड, गमट्रीखाली पडतं तसलं.

"आमच्याकडे हेच भरतात," जांभळी म्हणाली. "छान रुजतं. लहान जीव तर फार लवकर रुजतो."

गाणं चाललं होतं. सुखदा टाळ्या वाजवत होती. नीरजाने पोटावर हात ठेवला आणि लाथेची वाट बघितली. मग दुसरीकडे हात ठेवला. मग दोन्ही हात ठेवले.

बाळ थांबलं होतं.

---

मैथिली पन्ह्याचे ग्लास घेऊन येत होती, तिने हे लांबून बघितलं. आधी नीरजाचा चेहरा बघितला आणि मग पाटावरचा जांभळा पदर. तिचे पाय जागीच थांबले. चार वर्षांच्या मुलीने जे पाहिलं ते चाळिशीकडे झुकलेल्या बाईला आठवत नाही असं म्हणतात. मैथिलीला सगळं आठवत होतं. त्या बाईचं पोलकं हिरव्या खणाचं होतं आणि बाहीवर निरांजनाने जळाल्याचा एक छोटा डाग होता. तो खण आईने जॅकरँडाच्या खोडाला बांधला तेव्हा निरांजन मैथिलीच्याच हातात होतं.

"आलीस बाई एकदाची," जांभळी उठून तिच्याकडे आली. आवाज आईचा होता. आताचा नाही, तेव्हाचा, फोनवर आजीशी बोलताना रडू दाबणारा तरुण आवाज. ज्यांनी एकाच बाईकडून मराठी ऐकली, त्या दुसऱ्या कुणासारखं बोलणार होत्या? "किती वाळलीस गं. जेवलीस का?"

सकाळपासून हे तिला कुणी विचारलं नव्हतं.

"बाळाला काय केलंत?" मैथिलीने विचारलं.

"काय करणार? हक्काचं मागतोय," मागून तांबडी तडकली. "लग्नाला नाही बोलावलं, गप्प राहिलो. थोरलीला आडवं पाडलं, कुणी सुतक धरलं नाही. आज आमचीच फुलं ओरबाडून त्या पोरीला राणी केली आणि आम्हाला सांगावा नाही. काय गं, मानपान फक्त माणसांनाच असतो का?"

"तांबडे, हळू," पिवळी म्हातारी म्हणाली. "लेकरू आहे ती."

"पाच होतो, चार राहिलो," जांभळी म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता आणि त्याचीच मैथिलीला जास्त भीती वाटली. "पाचाशिवाय दरबार भरत नाही, हेही तुझ्या आईनेच शिकवलं. पोटातली पाचवी आम्ही नेतो. रिकाम्या पाटावर आम्हाला 'बसा' म्हणालंय घर."

"तो पाट माझा होता."

"माहीत आहे."

पांढरी काकू पुढे आली. तिने आपल्या हाताची एक साल सोलून खाली जमिनीवर अंथरली, नीट, कोपरे सारखे करत. हातभर रुंदीचा चौकोन झाला. "बैस," ती म्हणाली.

एवढंच. मैथिलीला हसू यायला हवं होतं. त्याऐवजी तिचे डोळे भरून आले, इतके की समोरचं परस जांभळं-पिवळं होऊन गेलं. धवलच्या घरातून निघाल्यापासून ती दर कार्याला उभीच होती. ताटं वाढत, फोटो काढत, लहान मुलांचे बूट शोधत. 'ताई, तू जरा बघशील?' हे ऐकत.

"माझ्या फ्लॅटच्या फरशीखाली काहीतरी सरकत असतं," ती म्हणाली. "मला वाटायचं पाइप."

"थोरलीची मुळं. जागा धरून ठेवलीय तुझ्यासाठी. तू तिच्याच जागेवर झोपतेस ना."

झोपाळ्याकडून एक आरोळी आली. नीरजाची होती. "हलत नाहीये! मम्मी, हलत नाहीये!"

मैथिलीने ग्लास खाली ठेवले. "मी आले तर तिला सोडाल?"

"तू आलीस तर आम्ही पाच," जांभळी म्हणाली. "पण आईने ओटी भरल्याशिवाय लेक घर सोडत नाही. तिला सांग."

---

परसात एकच गोंधळ उडाला होता. सुखदा नीरजाला थंड पाणी पाजत होती. प्रणव गाडी काढायला धावला होता आणि तिकडून त्याच्या शिव्या ऐकू येत होत्या, कारण विंडस्क्रीनवर जॅकरँडाची फुलं वीतभर साचली होती आणि वायपर हलत नव्हते. चित्रलेखाताई नुसत्याच पोरीच्या पायाशी बसून तळवे चोळत होत्या. विनीता आतून धावत आली आणि मैथिलीने तिचा हात धरला.

"आई, माझी ओटी भर."

"अगं, आत्ता? इथे काय चाललंय—"

"आत्ताच. भरलीस की बाळ हलेल."

वेड्यासारखं बोलणं होतं ते. पण चित्रलेखाताईंनी मान वर केली आणि त्यांच्या चेहऱ्यावर सकाळचं काही म्हणजे काही उरलेलं नव्हतं. "भरा हो!" त्या किंचाळल्या. "विनीताताई, बघताय काय? भरा तिची ओटी! मी आणते तबक!" सवाष्ण म्हणजे सवाष्ण म्हणणारी ती बाई स्वतः तबक घेऊन धावत आली, अर्धे तांदूळ सांडत, आणि तिनेच मैथिलीला हाताला धरून पाचव्या पाटावर बसवलं. "बस बाई. बस माझे आई. माझं चुकलं."

विनीताने ओंजळीत तांदूळ घेतले, नारळ घेतला आणि वर बघितलं. लेकीच्या मागे चौघी उभ्या होत्या. तिला हिरवा खण दिसला, जळाल्याचा डाग दिसला. नवऱ्याकडून इतक्या वेळा विनोद म्हणून ऐकलेली ती गोष्ट तिच्या अंगावर काटा आणत उभी राहिली.

"धाकट्या राणीसाहेब?" ती पुटपुटली.

"ओळखलंस म्हणायचं," जांभळी म्हणाली. "ओटी भर आणि पाठव. ती स्वतःहून येतेय. पण एक लक्षात ठेव, मागून हाक नको. हाक आली तर ती परत फिरेल, आणि मग ती तुझी, बाळ आमचं. तुझाच रिवाज आहे."

विनीताचे हात थांबले. "मला न्या. मीच बोलावलं होतं तुम्हाला. मला न्या."

"तुझी मुळं जून झाली, विनीता. आता लागायची नाहीत."

झोपाळ्यावर नीरजा आता ओरडतही नव्हती. दोन्ही हात पोटावर दाबून ती नुसती मैथिलीकडे बघत होती, आणि मैथिली तिच्याकडे बघून हसली, हॉस्पिटलात केस विंचरताना हसली होती तशी.

"आई," मैथिली म्हणाली. मग अगदी हळू, दोघींपुरतं, "त्यांनी मला बसायला दिलं गं."

विनीताला सांगायचं होतं की सकाळी माझं चुकलं, धवलच्या वेळीही चुकलं, तुझा पाट मी स्वतःच्या हाताने पुसला होता. हे सगळं सांगायला वेळ होता तेव्हा ती 'बरं' म्हणाली होती. आता तिने लेकीला हळदकुंकू लावलं. बोट कपाळावरून उचलवेना. मग पदरात तांदूळ घातले, नारळ घातला, खण ठेवला. मैथिलीने रीतीप्रमाणे ओटीतले चार दाणे आईच्या ओंजळीत परत टाकले, पदर सावरला आणि उठली.

भास्करराव बार्बेक्यूपाशी चहाचा थर्मास सांभाळत होते. त्यांना चौघी दिसल्याच नाहीत. त्यांना दिसलं ते एवढंच की पोरगी अनवाणी, भरली ओटी सांभाळत, हिरवळ ओलांडून आपल्या ग्रॅनी फ्लॅटकडे निघाली आहे आणि फ्लॅटचं दार आतून कुणीतरी उघडलं आहे. सकाळपासून राबतेय, त्यांच्या मनात आलं, आणि या गडबडीत तिला साधा चहा कुणी विचारला नसेल. त्यांनी एका कपात चहा ओतला, साखर न घालता, आणि हाक मारायला तोंड उघडलं.

विनीता कशी धावत आली ते तिलाही कळलं नाही. तिने हळदकुंकवाने माखलेला हात नवऱ्याच्या तोंडावर गच्च दाबला.

"अं—" भास्करराव गुदमरले. त्यांनी तिचं मनगट धरलं, मान वळवली, थोडीशी फट मिळाली. "अगं, चहा देतोय फक्त तिला!"

विनीताने दुसरा हातही दाबला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती डोकं नाही-नाही करत हलवत होती. हिरवळीवर मैथिली अगदी सावकाश चालत होती. दारापाशी ती जरा थांबली. मान वळवली नाही, फक्त थांबली, हाक येणार हे माहीत असलेलं माणूस थांबतं तशी. विनीताच्या तोंडात नाव आलं होतं. ते तिने दातांत धरलं आणि गिळलं.

मैथिली आत गेली. दार लागलं.

"हललं!" झोपाळ्यावरून नीरजा किंचाळली. "मम्मी, हललं! लाथ मारली! ही बघ, परत मारली!" चित्रलेखाताई हमसून रडायला लागल्या, निहारिकाने सुखदाला मिठी मारली. कुंपणावरचे मॅगपाय एकदम ओरडत उडाले. पुढच्या अंगणातून प्रणव धावत आला, हात जांभळे, "झालं काय? झालं काय?" म्हणत. मग आनंदाची नुसती धमाल उडाली. कुणीतरी पुन्हा गाणं धरलं, या वेळी मोबाइलशिवाय.

विनीताने हात काढले. भास्कररावांच्या ओठांवर, हनुवटीवर कुंकू लागलं होतं. ते परसाकडे बघत होते. तिथे, मघाशी फ्लॅट होता त्या जागी, सगळ्यांच्या मधोमध, गमट्री उभी होती. प्रचंड, पांढऱ्या बुंध्याची, पार शेजाऱ्यांच्या छपरांवर गेलेली. बुंध्याच्या फुगवट्यावर, माणसाच्या कपाळाच्या उंचीला, हळदकुंकवाचं ओलं बोट होतं. बाकी चार झाडं तिच्याकडे जराशी कलली होती.

"काय झाड आहे पण," भास्करराव रुमालाने तोंड पुसत म्हणाले. "आपण आलो तेव्हापासून आहे तसं. काउन्सिल हात लावू देईल तर शपथ."

"हो," विनीता म्हणाली.

"तू तोंड का दाबलंस माझं? काय झालं तरी काय?" त्यांनी विचारलं आणि मग हातातल्या कपाकडे बघितलं. कपातून वाफ येत होती. त्यांनी एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "हा कुणासाठी ओतला मी? साखरच नाही यात. आपल्याकडे बिनसाखरेचा चहा कोण पितं?"

पाचव्या पाटाभोवती तांदूळ सांडले होते. सुखदा ते गोळा करत होती आणि पाचवी ओटी कुणी भरली हे आठवायचा प्रयत्न करत होती. विनीताने मूठ उघडली. तिच्यात अजून चार दाणे होते. तिने ती पुन्हा मिटली.

"मी पिते," ती म्हणाली. "द्या इकडे." आणि साखरेशिवाय चहाचा घोटही घशाखाली न उतरणारी ती बाई, गमट्रीकडे तोंड करून, तो कप शेवटपर्यंत प्यायली.